कोंबडीचे पाय गेले, पण आजार पायांत आहे का?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. बचत गटातून कर्ज घेऊन त्यांनी कावेरी जातीच्या कोंबड्या घेतल्या. आज त्यांच्याकडे 18 कोंबड्या आहेत, वय 13 महिने. त्यातली एक, त्यांच्या लेकीची लाडकी, चार दिवसांपासून उभी राहत नाही. दोन्ही पाय पोटाखाली घेऊन बसून असते, उचलून उभी केली की कोसळते. समोर धरलं तर दाणे टिपते, पाणी पिते. बाकीच्या 17 जणी ठीक आहेत. शेजारी म्हणतात, ही मानमोडी आहे, आजच कापून टाका, नाहीतर सगळ्या जातील. ताईंचे मालक म्हणतात, 400 रुपयांच्या कोंबडीवर 500 रुपयांचं औषध कोण करतं? ताईंनी दुकानातून टेट्रासायक्लिनची पावडर आणून दोन दिवस सगळ्यांच्या पाण्यात घातली, पायांना गरम तेल चोळलं. माणसांची अंगदुखीची गोळी द्यावी का, असंही त्या विचारतात. दोन महिन्यांपूर्वी मुंगसाने एक कोंबडी नेली, तेव्हापासून सगळ्या पत्र्याच्या शेडमध्ये बंद असतात. खायला कोंडा, ज्वारी आणि उरलेला भात. शेवटी जाता जाता लिहितात : "तशी ती पंधरा दिवस पातळ कवचाची अंडी घालत होती, एक तर नुसतं कातडंच होतं. शेजारच्या बाळंतिणीला मी रोज दोन अंडी देते, तेवढंच पुण्य." त्यांचा प्रश्न एवढाच : कापू का वाचवू? आणि माझ्या हातून काही चुकलं का?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मीही पायांकडेच बघत होतो. दुसऱ्यांदा त्या कातड्यासारख्या अंड्यापाशी थांबलो. पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी, सहज म्हणून लिहिलं आहे.

तालुक्याच्या दवाखान्यात नोकरी करताना "पाय गेले" म्हणून टोपलीत घालून आणलेल्या कोंबड्या मी खूप पाहिल्या. पाय जाणं हे तापासारखं आहे. ताप आला म्हणजे काय झालं, ते तापावरून कळत नाही. तसंच कोंबडी बसली म्हणजे नस दबली असेल, हाड मऊ झालं असेल, पोटात अंडं अडकलं असेल, विष गेलं असेल, नाहीतर नुसती उपाशी आणि जंताने पोखरलेली असेल. प्रत्येकाचा उपाय वेगळा. म्हणून आधी कापायचं का वाचवायचं हा प्रश्न बाजूला ठेवू. आधी तिला नीट बघू.

आज संध्याकाळी ऊन उतरलं की तिला मांडीवर घ्या. लेकीला बॅटरी धरायला सांगा. पंजे उलटे करून तळवे बघा. तळव्याच्या मध्ये काळी खपली आणि भोवती टणक सूज असेल तर आत गळू आहे. बोटांच्या बेचक्यात बघा. नोकरीला लागलो त्या वर्षी माझ्या आईच्या अंगणातली एक कोंबडी अशीच बसली होती. मी शहाणपणाने इंजेक्शन भरून आणलं. आईने पाय हातात घेतला आणि बोटांभोवती करकचून बसलेला जरीचा दोरा दाखवला. बोटं जांभळी पडली होती. नखं कापायच्या कात्रीने दोरा कापला, चार दिवसांत कोंबडी फिरायला लागली. तेव्हापासून मी आधी बोटं बघतो.

मग मांडीपासून खाली दोन्ही हातांनी एकाच वेळी चाचपत या. एका पायाला जास्त ऊब, सूज किंवा वाकडेपणा असेल तर मार लागला आहे, हाड मोडलेलं असू शकतं. पंजात तुमचं बोट द्या. पकडते का? नखाजवळ हलकेच चिमटा काढा. पाय मागे घेते का? दोन्ही पायांनी पकड येत असेल आणि पाय मागे घेत असेल, तर नसा बहुतेक शाबूत आहेत. मग प्रश्न ताकदीचा नाहीतर हाडांचा आहे, आणि तशी कोंबडी बरी व्हायची आशा पुष्कळ असते.

पंख उचलून काखेत बघा. खुराड्याच्या फटींत राहणाऱ्या गोचिडी रात्री बाहेर येऊन रक्त पितात, आणि त्यांची बारकी पिल्लं दिवसेंदिवस काखेत चिकटून राहतात. त्यांच्या लाळेनेच पाय लुळे पडू शकतात. काढून टाकल्यावर एक-दोन दिवसांत कोंबडी उठते. दिवसा खुराडं बघून गोचीड नाही म्हणू नका, रात्री बॅटरी मारून फटी बघा.

आता पोट. हात साबणाने धुऊन शेपटीखाली, दोन हाडांच्या मधल्या मऊ जागी बोटांनी अलगद दाबा. लिंबासारखं टणक काही लागतं का? लागलं तर अंडं अडकलं आहे. आत अडकलेलं अंडं पायांकडे जाणाऱ्या नसा दाबतं, म्हणून अशी कोंबडी पाय गेल्यासारखी बसते, शेपटी खालीवर करत कण्हते. तुमच्या कोंबडीत ही शक्यता खरी आहे, कारण कवच पातळ झालं की अंडं पुढे ढकलायला कठीण जातं. कोपराला सोसेल इतक्या कोमट पाण्यात तिला पोटापर्यंत वीसेक मिनिटं बसवा. मग कोरडी करून गुदद्वाराला खोबरेल तेल लावा आणि अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवा. बाहेरून दाबून अंडं काढायला जाऊ नका. आत फुटलं तर कवचाच्या कडा लागतात आणि पोटात पू होतो. सकाळपर्यंत अंडं आलं नाही तर दवाखाना गाठाच.

शेवटी छातीचं मधलं हाड, सुरीच्या पात्यासारखं असतं ते. त्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवा. निरोगी कोंबडीत ते सरळ लागतं. तुमच्या कोंबडीत ते नागमोडी किंवा एका बाजूला कललेलं लागलं तर मला नवल वाटणार नाही.

का, ते सांगतो. एका अंड्याच्या कवचाला साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम कोंडा आणि ज्वारीतून ग्रॅमचा दहावा भागही मिळत नाही. वर कोंड्यात फॉस्फरस इतका असतो की थोडंफार मिळालेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. अंडं तर घालायचं आहे. मग कोंबडी ते आपल्या हाडांतून काढते. पहिले काही आठवडे कुणाला पत्ताही लागत नाही. मग कवच पातळ होतं, मग कातडी अंडं येतं, आणि एक दिवस तिचे पाय तिला पेलत नाहीत. तुमच्या पत्रातला क्रम हाच आहे. पंधरा दिवस पातळ कवच, मग कातडं, मग बसणं.

तुम्ही म्हणाल, माझ्या आजीने कधी कोंबडीला कॅल्शियम दिलं नाही. बरोबर आहे. आजीच्या गावरान कोंबड्या वर्षाला 60-70 अंडी घालायच्या, दिवसभर उकिरडा, गोठा, ओढा उकरायच्या, किडे, गोगलगायी, खडे खायच्या आणि उन्हात पंख पसरून लोळायच्या. तुमची कावेरी त्यांच्या दुपटीहून जास्त अंडी देते आणि दोन महिने पत्र्याखाली आहे. कातडीवर ऊन पडल्याशिवाय डी जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जात नाही. त्यात वैशाखाचा उकाडा. धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या रक्तातला कवचाला लागणारा दुसरा घटकही कमी होतो, म्हणून उन्हाळ्यात कवचं पातळच येतात.

हातून काही चुकलं का, असं तुम्ही विचारलंत. मुंगसाने डोळ्यांदेखत कोंबडी नेल्यावर बाकीच्यांना बंद करणं ही काळजीच होती, त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. मात्र बंद केल्यावर बाहेर जे फुकट मिळत होतं ते हाताने द्यायला हवं होतं. ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. आता सांगतो.

अंड्यांची टरफलं धुऊन तव्यावर खरपूस भाजा आणि खलबत्त्यात कुटा. अगदी पीठ करू नका, खडबडीत राहू द्या. किंवा दुकानात शिंपल्यांचा चुरा मिळतो तो आणा. वेगळ्या पसरट भांड्यात ठेवा, दाण्यात मिसळू नका. जिला हवं ती खाते, जी अंड्यावर नाही ती खात नाही, एवढी अक्कल कोंबडीला असते. भांडं संध्याकाळी हमखास भरलेलं असू द्या. कवच बनायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्रीचं चालतं. बसलेल्या कोंबडीला मात्र ते भांड्यापर्यंत जाऊन खाता येणार नाही. तिला एका अंड्याच्या टरफलाची बारीक पूड, म्हणजे सपाट चमचाभर, भिजवलेल्या खाद्यात रोज कालवून द्या. हाडं इतकी रिकामी झाली असतील तर एवढ्याने भागेलच असं नाही. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाचं पातळ औषध किंवा इंजेक्शन डॉक्टरांनी वजन बघून द्यायचं असतं. मुख्य कारण हेच असेल तर आठवड्याच्या आत ती पायांवर जोर द्यायला लागेल. जमलं तर खाद्यही बदला. अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य महाग वाटत असेल तर निदान अर्धं ते आणि अर्धं घरचं, आणि हिरवा पाला रोज.

आणि ऊन. शेडच्या एका बाजूला जाळीचा छोटा वाडा करा, वरूनही जाळी टाका. मुंगूस तळातून उकरतं, म्हणून जाळी वीतभर जमिनीत पुरा. सकाळी 8 ते 10 पुरे. दुपारी पत्र्यावर ओलं गोणपाट टाकत जा.

आता शेजाऱ्यांच्या मानमोडीबद्दल. त्यांचा धाक खोटा नाही. ज्याने एका आठवड्यात अख्खं खुराडं रिकामं झालेलं पाहिलं आहे तो असाच बोलतो. हा रोग आपल्याकडे 1927-28 मध्ये कुमाऊंतल्या राणीखेतला ओळखला गेला, म्हणून त्याचं नाव राणीखेत. तो एका कोंबडीत चार दिवस शांत बसून राहत नाही. दोघी-तिघी एकदम मलूल होतात, हिरवट पातळ शीट, चोच उघडी ठेवून श्वास, मान पिळवटलेली, आणि मग मरतूक. तुमच्या 17 जणी चार दिवसांनंतरही खात-पीत आहेत, आणि ही खाते आहे. मला ही मानमोडी वाटत नाही. पण तुम्ही लसीबद्दल पत्रात काहीच लिहिलेलं नाही. पिल्लाला 5 ते 7 दिवसांत लासोटा लसीचा डोळ्यात थेंब, महिन्याभराने पुन्हा, आणि आठव्या आठवड्यानंतर आरटूबीचं इंजेक्शन, असा हा क्रम आहे. झालं नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. आजारी असताना मात्र लस टोचायची नाही.

तरीही आजच तिला वेगळी ठेवा. रोग कोणता ते मला कितीही पक्कं वाटलं तरी वेगळं ठेवण्यात तोटा काही नाही, आणि कळपातल्या कोंबड्या बसलेलीला टोचून टोचून रक्तबंबाळ करतात. तिचं खाणंपाणी शेवटी करा आणि हात धुवा.

ज्या वाचकांच्या कोंबड्या लहान आहेत त्यांनी माझं हे कॅल्शियमचं सांगणं तसंच्या तसं उचलू नये. दीड महिना ते सहा महिने वयाची तलंग असेल, एक पाय पुढे आणि एक मागे असा फाकलेला असेल, तर तो बहुधा मरेक्सचा लकवा. त्याला औषध नाही. त्याची लस पिल्लू अंड्यातून निघाल्या दिवशीच द्यावी लागते, म्हणून पिल्लं घेताना हॅचरीवाल्याला ती दिली का हे विचारायचं. आठ-पंधरा दिवसांच्या पिल्लांची बोटं आत मुठीसारखी वळली असतील तर बी-टू जीवनसत्त्वाची कमतरता असते. बी-कॉम्प्लेक्सचं औषध लवकर सुरू केलं तर पिल्लू वाचतं, उशीर झाला तर नस कायमची जाते. आधी पाय, मग पंख, मग मान लुळी पडत गेली तर जवळपास मेलेला उंदीर किंवा अळ्या पडलेलं काही आहे का ते शोधा. सडक्या मांसातलं ते विष आहे. फवारणी किंवा पेरणीच्या दिवसांत तोंडातून लाळ, पातळ शीट आणि लटपट दिसली तर फवाऱ्याची बाटली किंवा बियाण्याची पिशवी सोबत घेऊनच दवाखान्यात जा, म्हणजे डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. एक-दोन दिवसांत चार-पाच कोंबड्या पटापट मेल्या, तुरे निळे पडले, तर हातही लावू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरलाच निघाला होता. आणि हो, कोंबडी नुसती खुडूक आहे का तेही बघा. खुडूक कोंबडी अंग फुगवून बसते, जवळ गेलं की कुरकुरते, आणि खुराड्याबाहेर काढून ठेवली की चालत परत आत जाते.

ताई, सेवेबद्दल थोडं बारकाईने लिहितो, कारण पाय गेलेली कोंबडी पुष्कळदा मूळ आजारापेक्षा बसून बसून मरते. डाल्यात भाताचा पेंढा जाड अंथरा, वर जुन्या लुगड्याची घडी. टॉवेलची चुंबळ करून तिच्या मधोमध तिला बसवा, म्हणजे छातीच्या हाडावर सगळा भार येणार नाही. तीन-चार तासांनी कूस बदला. शेपटीखाली शीट चिकटली की कोमट पाण्याने धुऊन कोरडं करा. ओल राहिली की माश्या बसतात आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. पाण्याची वाटी चोचीपुढे हवी. स्वतः पीत नसेल तर चोचीच्या कडेला थेंब लावा, ती गिळेल. तोंड उघडून पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं आणि कोंबडी तिथेच गुदमरते. खायला भिजवलेला भरडा आणि उकडलेल्या अंड्याचा बलक. डालं अशा जागी ठेवा की तिला बाकीच्या दिसतील. एकटी पडलेली कोंबडी खाणं सोडते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तिला झोळी द्या. जुनी कापडी पिशवी घ्या, तळाला पायांसाठी दोन भोकं आणि मागे शिटीसाठी एक भोक पाडा. दोन पाटांच्या मध्ये ती अशी टांगा की पंजे जमिनीला जेमतेम टेकतील. दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. पाय जमिनीला टेकले की ती आपोआप जोर लावून बघते. लेकीकडे वही द्या. किती खाल्लं, शीट कशी होती, झोळीत किती वेळ पाय टेकवले, हे ती लिहून ठेवेल. डॉक्टर आले की त्या वहीचा उपयोग माझ्या या पत्रापेक्षा जास्त होईल.

गरम तेल थांबवा. पिसांना तेल लागलं की अंगाचा उष्मा सांभाळता येत नाही, आणि हाड मोडलेलं असेल तर चोळण्याने ते आणखी बिघडतं. अंगदुखीची गोळी अजिबात नको. पक्ष्यांची मूत्रपिंडं त्यातल्या काही औषधांपुढे टिकत नाहीत. डायक्लोफिनॅक हे असंच दुखण्यावरचं औषध, ते दिलेली जनावरं खाऊन आपल्याकडची गिधाडं संपत आली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

तुमच्या मालकांचा हिशेब मला पटतो, फक्त त्यांनी एकच कोंबडी धरली आहे. बाकीच्या 17 जणी तोच कोंडा खातात आणि त्याच पत्र्याखाली आहेत. ही पहिली बसली, एवढाच फरक. तिच्यामुळे जे कळेल ते 17 जणींच्या कामाला येणार आहे. गावात दवाखाना लांब असेल तर 1962 वर फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा तो नंबर आहे.

आणि किती दिवस? सात दिवस द्या, त्याहून जास्त ओढू नका. खाणं पूर्ण थांबून दोन दिवस झाले, रात्रीचं खाल्लेलं सकाळीही गळ्याखालच्या पिशवीत तसंच भरलेलं लागलं, श्वास लागला, छातीला जखम पडली, तर सात दिवसांची वाट बघायची नाही. डॉक्टरांना सांगून तिला शांतपणे जाऊ द्या. लेकीला खोटं सांगू नका, तिने वही लिहिली असेल तर तिला कळलेलंच असेल. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकायची नाही, खोल खड्डा आणि वर चुना. कापून खायचा विचार तर मनातूनच काढा, तिच्या अंगात औषध आहे.

ते औषध फक्त तिच्याच अंगात नाही. पावडर तुम्ही सगळ्यांच्या पाण्यात घातली होती. म्हणजे 18 जणींच्या अंड्यांत ती थोडीथोडी उतरली असणार. पावडर आजच बंद करा. पाकीट फेकून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा आणि अंडी किती दिवस वापरायची नाहीत ते विचारा. तोवरची अंडी विकायची नाहीत, घरात खायची नाहीत. बाळंतिणीच्या घरी हे पत्र वाचून झाल्याबरोबर जा. दोन दिवसांतली अंडी उरली असतील तर परत आणा, आणि तिला सांगा की थोडे दिवस अंडी दुसरीकडून घे. तिला वाईट वाटणार नाही. जाताना मूठभर शेंगदाणे आणि गूळ घेऊन जा.